प्रयोगशाळेतील एका संगणकावर पॅकेज रेपॉझिटरी उभारताना

आपण डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणक प्रशिक्षक आहात. प्रयोगशाळेत ३२ संगणक आहेत, सर्वांवर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली आहे, आणि २० एमबीपीएसची एकच इंटरनेट जोडणी कार्यालय व प्रयोगशाळा मिळून वापरतात. एखादे नवे पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा, सगळीकडे बसवायचे ठरले की तास संपतो, डाउनलोड मात्र संपत नाही. म्हणून संपूर्ण रेपॉझिटरीच, म्हणजे पॅकेजेसचे अख्खे भांडार, एका जुन्या संगणकावर उतरवून घ्यावी काय, आणि त्यासाठी २ टीबीची डिस्क विकत घ्यावी काय, असे आपण विचारले आहे.

डिस्क तूर्त घेऊ नका. फोंड्यात एका संस्थेची संगणकव्यवस्था मी बरीच वर्षे सांभाळतो आहे आणि हीच इच्छा एकदा मलाही झाली होती. पावसाळ्याच्या तोंडावर, रात्री जोडणी मोकळी असते म्हणून, मी सलग नऊ रात्री आरसिंक हे फाइली नकलण्याचे साधन लावून अख्खा मिरर, म्हणजे रेपॉझिटरीची हुबेहूब प्रत, खाली ओढला. नवव्या रात्री वीज गेली. सकाळी मुलांनी पॅकेज मागितले तर प्रत्येक संगणकावर ४०४, म्हणजे ‘फाइल सापडत नाही’. कित्येक जीबी माल डिस्कवर पडून होता आणि तरीही रेपॉझिटरी निकामी होती. असे का झाले हे समजले की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते, म्हणून आधी तेवढे सांगतो.

डेबियनच्या रेपॉझिटरीत दोन मुख्य फोल्डर असतात. ‘पूल’ या फोल्डरात प्रत्यक्ष पॅकेजेस, म्हणजे डेब फाइली असतात. ‘डिस्ट्स’ या फोल्डरात त्यांच्या सूची असतात: ‘पॅकेजेस’ नावाच्या सूचीत प्रत्येक पॅकेजचे नाव, आवृत्ती, अवलंबित्वे (त्याला लागणारी इतर पॅकेजेस), फाइलचा आकार आणि तिची एसएचए-२५६ बेरीज (मजकुरावरून काढलेली, फाइल ओळखण्याची खूण) नोंदलेली असते, त्या सूचीची स्वतःची बेरीज ‘इनरिलीज’ या फाइलीत असते, आणि इनरिलीजवर डेबियनची डिजिटल सही असते. आपला संगणक आधी सही तपासतो, सहीवरून सूचीची खातरजमा करतो आणि सूचीवरून पॅकेजची. म्हणजे रेपॉझिटरी ही फाइलींची रास नव्हे, सही केलेली नोंदवही आहे, आणि फाइली त्या नोंदवहीच्या आधाराने उभ्या असतात. माझ्या आरसिंकने वर्णक्रमाने काम केले. इंग्रजी वर्णक्रमात ‘डिस्ट्स’ आधी येते आणि ‘पूल’ नंतर, त्यामुळे शेवटच्या फेरीत नवी नोंदवही येऊन बसली आणि तिच्यातील नवा माल यायच्या आत दिवे गेले. म्हणूनच अधिकृत मिरर चालवणारे दोन टप्प्यांत काम करतात: आधी पूल आणतात, त्यातले जुने काही न पुसता, मग सूची बदलतात, आणि जुन्या फाइली अगदी शेवटी काढतात.

मिरर दुरुस्त झाल्यावर मी काही महिन्यांनी वेब सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. उतरवलेल्या मालाचा फार मोठा भाग एकदाही कोणी मागितला नव्हता. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात ६९,८३० पॅकेजेस होती. आपल्या प्रयोगशाळेला त्यांपैकी दोन-तीन हजार लागतील. एएमडी-६४ या एकाच आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसर-प्रकाराच्या, बायनरी फाइली घेतल्या तरी काही शे जीबी होतात, आणि पुढे रोज येणाऱ्या बदलांसाठी तीच जोडणी पुन्हा राबवावी लागते.

आपल्याला हवी आहे ती कॅश, म्हणजे एकदा आणलेली फाइल जवळ ठेवून पुढे सगळ्यांना वाटणारी सेवा. ३२ संगणकांनी प्रत्येकी ४०० एमबी उतरवायचे तर एकूण १२.८ जीबी होतात. २० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने आणि केवळ आपल्यासाठी चालली तरी जवळजवळ दीड तास. तेच ४०० एमबी एकदाच आणायचे तर तीन मिनिटांच्या आत काम होते, आणि पुढचे वाटप आपल्या इमारतीतल्या तारांवरून होते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी वाड्यावरच्या प्रत्येक घरातून एकेकाने माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीच्या) सामानासाठी वेगळा म्हापशाचा बाजार गाठायचा, की एकाने जाऊन सगळ्यांचे आणायचे, एवढाच हा प्रश्न आहे. मात्र जाता जाता आपला स्विच तपासा. तो १०० एमबीपीएसचा जुना स्विच असेल तर ३२ संगणकांना वाटप करायला सतरा-अठरा मिनिटे लागतील. गिगाबिटचा असेल तर तेच काम दोन-तीन मिनिटांत उरकेल. डिस्कसाठी ठेवलेले पैसे तिकडे लावा.

यापुढे आज्ञांची व फाइलींची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहितो. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

कॅशसाठी ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हे पॅकेज डेबियनमध्येच आहे. चार जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप त्याला पुरतो. पॅकेज बसवताना ‘एचटीटीपी टनेल चालू द्यायचे का’ असा एक प्रश्न येतो, त्याला ‘नाही’ म्हणावे, नाहीतर आपली कॅश कोणत्याही वाहतुकीची पळवाट होऊन बसते. त्या संगणकाला स्थिर आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०. ही सेवा ३१४२ या पोर्टवर ऐकते. मग प्रत्येक विद्यार्थी-संगणकावर एपीटीच्या, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजेस आणून बसवणाऱ्या कार्यक्रमाच्या, ‘कॉन्फ-डॉट-डी’ फोल्डरात एक छोटी फाइल ठेवायची, तिच्यात एकच ओळ: ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१४२"; यातला शेवटचा अर्धविराम विसरू नका, तो राहिला की एपीटी पुढे काही वाचतच नाही.

यात एक मेख आहे. सोर्सेसच्या फाइलीत, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची ते जिथे लिहिलेले असते तिथे, पत्ता एचटीटीपीएसने (गुप्त केलेल्या वाहतुकीने) सुरू होत असेल तर कॅशला आतले काही दिसत नाही आणि ती काही साठवू शकत नाही. तेव्हा डेबियनच्या पत्त्यातून तो शेवटचा ‘एस’ काढावा लागतो. हे ऐकून पुष्कळजण दचकतात. परंतु फाइल अस्सल आहे की नाही हे एपीटी वाहतुकीवरून ठरवत नाही, वर सांगितलेल्या सहीवरून ठरवतो. वाटेत कोणी एक बाइट जरी बदलला तरी बेरीज जुळत नाही आणि पॅकेज नाकारले जाते. एचटीटीपीएसने जास्तीचे मिळते ते इतकेच की आपण कोणते पॅकेज मागवले हे वाटेतल्या कोणाला कळत नाही, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही.

विद्यार्थ्यांचे किंवा शिक्षकांचे लॅपटॉपही कॅश वापरणार असतील तर त्यांच्यावर वरची ओळ कायमची लिहू नका. लॅपटॉप घरी गेला की १९२.१६८.१.१० तिथे नसतो आणि एपीटी ताटकळत बसतो. ‘ऑटो-एपीटी-प्रॉक्सी’ नावाचे छोटे पॅकेज आसपास कॅश आहे का ते पाहते आणि नसेल तर थेट इंटरनेटवर जाते, ते बसवा.

आता सकाळच्या पहिल्या तासाबद्दल. डेबियनमध्ये रोजच्या सूची आणण्यासाठी सिस्टमडीचे (संगणकावरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर असतात, आणि वेळ हुकली असेल तर संगणक चालू झाल्यावर ते काम हाती घेतात. घरच्या संगणकावर हे ध्यानातही येत नाही. प्रयोगशाळेत मात्र ३२ यंत्रे साधारण एकाच वेळी चालू होतात, पार्श्वभूमीत स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू होते, आणि आपण शिकवायला म्हणून पॅकेज बसवू लागलात की ‘लॉक-फ्रंटएंड मिळाले नाही’ असा संदेश येतो, म्हणजे आधीच्या प्रक्रियेने काम संपेपर्यंत कुलूप लावलेले असते. मग कोणीतरी हुशार विद्यार्थी कुठेतरी वाचलेले आठवून लॉकची फाइलच पुसून टाकतो. हे कदापि करू देऊ नये, कारण दोन प्रक्रिया एकाच वेळी डीपीकेजीच्या, म्हणजे बसवलेल्या पॅकेजेसच्या, नोंदींत लिहू लागल्या तर त्या नोंदी बिघडू शकतात आणि नंतर दुपार त्यातच जाते. मी विद्यार्थी-संगणकांवरील हे टायमर बंद ठेवतो आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी वर्ग सुटल्यावर, सर्व्हरवरून एसएसएचने (दुरून आज्ञा चालवण्याच्या सोयीने) सगळीकडे अद्ययावतीकरण चालवतो.

कॅश महिनाभर सुरळीत चालली की मगच स्वतःच्या रेपॉझिटरीकडे वळा. तिचा उपयोग वेगळा आहे. बाहेरचा माल कॅश आणते. आपण स्वतः तयार केलेली किंवा निवडलेली पॅकेजेस स्वतःच्या रेपॉझिटरीत राहतात.

सर्वात सोपी पद्धत म्हणजे एका फोल्डरात डेब फाइली ठेवून ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ही आज्ञा चालवणे. ती ‘डीपीकेजी-डेव्ह’ या पॅकेजात मिळते आणि सूची तयार करून देते. मग सोर्सेसमध्ये त्या फोल्डराचा पत्ता ‘ट्रस्टेड=येस’ या शब्दांसह लिहिला की काम चालते. एकाच संगणकावर प्रयोग करायला हे ठीक आहे. दोन सूचना मात्र लक्षात ठेवाव्यात. फोल्डर आपल्या घरच्या, म्हणजे ‘होम’ फोल्डरात ठेवू नये, कारण एपीटी डाउनलोडचे काम मुद्दाम कमी अधिकारांच्या एका वापरकर्त्याकडे सोपवतो, ज्याचे नाव अधोरेषेने सुरू होते, आणि त्याला आपल्या घरात शिरता येत नाही. फोल्डर ‘एसआरव्ही’खाली असावा. दुसरी सूचना अशी की ‘ट्रस्टेड=येस’ याचा अर्थ सही तपासूच नको असा होतो, म्हणून हे शब्द ३२ संगणकांवर पोचता कामा नयेत.

एका संगणकाच्या ‘व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्ज’ फोल्डरातल्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन सगळीकडे ओतण्याची जुनी पद्धत अजून भेटते. तिच्यात नोंदवही नाही, सही नाही, आणि हल्ली ‘एपीटी’ ही आज्ञा बसवणी झाल्यावर त्या फाइली ठेवतही नाही. ‘एपीटी-गेट’ तेवढी ठेवते.

अनेक संगणकांसाठी मी ‘रेप्रेप्रो’ ही रेपॉझिटरी बनवणारी आज्ञा वापरतो. तिच्या ‘कॉन्फ’ फोल्डरातील ‘डिस्ट्रिब्यूशन्स’ या फाइलीत कोडनेम, आर्किटेक्चर्स, कॉम्पोनंट्स आणि साइनविथ इतक्या ओळी लिहिल्या की पुरे. त्यानंतर ‘इन्क्लूडडेब’ या उपआज्ञेने पॅकेज आत घालायचे; पूल, डिस्ट्स, सूची, सही हे सारे ती स्वतः करते. तो फोल्डर एनजिनएक्स या वेब सर्व्हरने जाळ्यावर उघडा केला की रेपॉझिटरी तयार. ‘कॉन्फ’ आणि ‘डीबी’ हे फोल्डर मात्र बाहेर दिसू देऊ नका.

तिच्यात काय ठेवावे? मी ठेवलेले पहिले पॅकेज रिकामे होते. ‘इक्विव्ह्ज’ नावाचे साधन अशी रिकामी पॅकेजेस बनवते, ज्यांत स्वतःचे काही नसते, केवळ अवलंबित्वांची यादी असते. माझ्या यादीत जीसीसी, पायथन, जीनी हा संपादक, ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ हे मराठी वातावरणाचे पॅकेज, देवनागरी फॉन्ट, आणि आयबस या टंकनव्यवस्थेची ती अंगे होती ज्यांमुळे मराठीबरोबर कोंकणीचेही इनस्क्रिप्ट टंकन करता येते. आपल्याकडे एकाच वर्गात दोन्ही लागतात. नव्या संगणकावर एवढे एक पॅकेज बसवले की प्रयोगशाळेचा सगळा संसार मागोमाग येतो. पुढल्या सत्रात नवे काही हवे झाले तर यादीत एक नाव वाढवायचे, आवृत्ती १.० ची १.१ करायची आणि रेप्रेप्रोत घालायची. आवृत्ती न वाढवता तेच नाव पुन्हा घालायला गेलात तर रेप्रेप्रो ती फाइल नाकारते, कारण त्याच नावाच्या फाइलीची बेरीज तिच्या नोंदीत आधीच वेगळी आहे. सुरुवातीला हा हट्टीपणा वाटतो; पण तो नसता तर एकाच आवृत्तीच्या दोन निरनिराळ्या फाइली दोन संगणकांवर गेल्या असत्या आणि दोष शोधता शोधता आपली पुरेवाट झाली असती. पॅकेजच्या नावाला मात्र आपल्या शाळेचा काहीतरी उपसर्ग लावा, म्हणजे डेबियनमधल्या एखाद्या पॅकेजशी नावाची गल्लत होणार नाही.

सहीच्या बाबतीत घाई करू नये. जीपीजी या डिजिटल सहीच्या साधनाने रेपॉझिटरीसाठी स्वतंत्र किल्ली तयार करा, स्वतःच्या ईमेलची वापरू नका. जुनी पडून असलेली किल्लीही नको: डेबियन १३ मध्ये एएमडी-६४ वर सह्या तपासण्याचे काम ‘एसक्यूव्ही’ या नव्या कार्यक्रमाकडे आले आहे, आणि एसएचए-१ वर आधारलेल्या सह्या तो १ फेब्रुवारी २०२६ पासून मान्य करत नाही. किल्लीची सार्वजनिक प्रत प्रत्येक संगणकावर ‘ईटीसी-एपीटी-कीरिंग्ज’ फोल्डरात ठेवा. ती मजकूर स्वरूपात असेल तर फाइलीचा प्रत्यय ‘एएससी’ हवा, बायनरी असेल तर ‘जीपीजी’. ही अदलाबदल झाली की किल्ली समोर असूनही ‘सार्वजनिक किल्ली नाही’ अशी तक्रार येते. आणि सोर्सेसच्या फाइलीत ‘साइन्ड-बाय’ या ओळीवर त्याच फाइलीचा मार्ग लिहा, म्हणजे ती किल्ली केवळ आपल्या रेपॉझिटरीपुरती चालेल. किल्ली सरसकट ‘ट्रस्टेड-जीपीजी-डॉट-डी’ फोल्डरात टाकायला सांगणारे लेख पुष्कळ आहेत, पण तसे केल्यास आपली किल्ली डेबियनच्या नावानेही सही करू शकते. ‘एपीटी-की’ आज्ञा वापरायला सांगणारा कोणताही लेख जुना समजून बाजूला ठेवा; ट्रिक्सीत ती आज्ञाच उरलेली नाही.

किल्लीला मुदत घालायची असेल तर ती कधी संपते ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. माझी एकदा चवथीच्या सुटीत संपली. सुटीनंतर पहिल्याच तासाला सगळ्या संगणकांवर एकच त्रुटी, आणि मी वर्गासमोर उभा राहून तारखा मोजत होतो. मुदत वाढवता येते, पण वाढवलेली सार्वजनिक प्रत प्रत्येक संगणकावर पुन्हा पोचवावी लागते. म्हणून आता मी किल्लीची प्रतसुद्धा एका पॅकेजात घालून त्याच रेपॉझिटरीतून देतो, आणि ते काम मुदतीच्या दोन महिने आधी उरकतो.

पावसाळ्यात एक दोष हटकून येतो आणि त्याचा रेपॉझिटरीशी काही संबंध नसतो. जुन्या मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बटणबॅटरी संपली आणि वीज गेली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग एपीटी म्हणतो, ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’, कारण त्याच्या लेखी ती फाइल भविष्यातून आलेली असते. उलटही होते: रिलीज फाइलीत ‘व्हॅलिड-अनटिल’ अशी अंतिम तारीख असली आणि आपला मिरर महिनाभर शिळा असला तर फाइल कालबाह्य ठरते. ही तपासणी बंद करायचा पर्याय एपीटीत आहे. तो वापरू नका. कॅशच्याच संगणकावर क्रोनी हा वेळ जुळवणारा कार्यक्रम बसवून त्याला प्रयोगशाळेचा वेळदाता करा, सर्वांना त्याच्याकडून वेळ घेऊ द्या, आणि बॅटऱ्या बदला.

बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधी काहीही बदलू नये अशी आपली इच्छा असेल, तर ‘ॲप्टली’ हे साधन पाहा. ते मिररचे स्नॅपशॉट घेते, म्हणजे आज जशी सूची आहे तशीच गोठवून ठेवते, आणि आपण तो स्नॅपशॉट स्वतःच्या सहीने प्रसिद्ध करू शकता. परीक्षा संपली की नवा स्नॅपशॉट. मात्र त्यासाठी निवडक पॅकेजेसचा मिरर लागतो आणि गाळणीचे नियम नीट लिहावे लागतात, म्हणून पहिल्या वर्षी मी हे सुचवणार नाही. परीक्षेच्या पंधरवड्यात शनिवारचे अद्ययावतीकरण थांबवले तरी भागते. कधी मिरर केलाच तर ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ आणि ‘ट्रिक्सी-अपडेट्स’ या शाखाही घ्या. नुसती मुख्य शाखा घेऊन वर्षभर समाधानाने राहिलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या संगणकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर पोचत नव्हत्या.

आपल्या पत्राच्या शेवटी सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेचा उल्लेख आहे, जिथे जोडणी जवळजवळ नाहीच. तिथे कॅशचा उपयोग नाही. एखाद्या संगणकाला काही मोजकी पॅकेजेस हवी असतील तर रितेश राज सराफ यांचे ‘एपीटी-ऑफलाइन’ उत्तम आहे: तिकडच्या संगणकावर काय काय हवे याची एक छोटी फाइल तयार करायची, ती पेनड्राइव्हवरून आपल्या प्रयोगशाळेत आणायची, इथे डाउनलोड करून गठ्ठा परत न्यायचा. सगळी प्रयोगशाळाच उभी करायची असेल तर आपली रेप्रेप्रोची रेपॉझिटरी आणि निवडक मिरर एका बाह्य डिस्कवर घेऊन जावे. डिस्क ईएक्सटी-४ ने फॉरमॅट केलेली असावी, कारण एक्सफॅटवर सिम्बॉलिक दुवे टिकत नाहीत आणि मिररमध्ये ते असतात. डिस्कवर सार्वजनिक किल्लीची प्रत जाऊ द्या. खाजगी किल्ली आपल्या सर्व्हरवर आणि तिची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात राहू द्या, म्हणजे सर्व्हर बिघडला तरी सगळ्या संगणकांवरची सार्वजनिक प्रत बदलत फिरावे लागणार नाही.

सुरुवात एका संगणकापासून करा. त्याच्यावर प्रॉक्सीची ओळ लिहा, कोणतेही पॅकेज बसवा, मग दुसऱ्या संगणकावर तीच ओळ लिहून तेच पॅकेज मागवा आणि कॅशच्या ३१४२ पोर्टवरील अहवालाचे पान ब्राउझरमध्ये उघडा. दुसऱ्या वेळची मागणी तिथे ‘हिट’, म्हणजे कॅशमधूनच भागलेली, म्हणून दिसली तर उरलेल्या ३० संगणकांवर हात घाला. ‘हिट’ दिसली नाही तर सोर्सेसमधला तो ‘एस’ राहिला आहे का ते आधी पाहा.